फोटोसाठीं भिंगाची निवड : कोणत्या कामास कोणती लेन्स

शेतकऱ्याच्या हातीं आतां कॅमेरा आला आहे. कोणापाशीं स्वतंत्र कॅमेरा असतो, बहुतेकांपाशीं मोबाईलमधला असतो. सन २०२१ मध्यें आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि उभ्या पिकाचा फोटो स्वतः काढून नोंद करण्याचें काम शेतकऱ्याकडे आलें. पानावर रोग कोणता, नुकसान किती, बैलजोडी कशी, हें सर्व आतां फोटो दाखवून सांगितलें जातें. परंतु तो फोटो कोणत्या भिंगांतून घेतला, याचा विचार क्वचितच होतो. भिंग चुकीचें असेल तर खरा फोटोही खोटी साक्ष देतो.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकानें स्वतः घेतला आहे. नोकरींत असतांना एका वर्षीं गारपिटीनंतर एका अर्जासोबत हरभऱ्याच्या शेताचा फोटो आला. फोटोंत या बांधापासून त्या बांधापर्यंत हरभरा दाट भरलेला दिसत होता. लेखकानें टेबलावर बसल्या बसल्या टिपण लिहिलें, “पीक उभें दिसतें.” अर्जदारानें शेत प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरला, म्हणून जाणें झालें. शेतांत पाऊल टाकतांच झाडाझाडांत हात हात अंतर आढळलें आणि घाट्यांचा सडा जमिनीवर पडलेला. फोटो दूरच्या बांधावरून, खालीं बसून, लांब पल्ल्याच्या लेन्सनें घेतलेला होता. त्यामुळें पुढच्या ओळीच्या फटींतून मागच्या ओळी दिसून सर्व शेत भरल्यासारखें भासलें. अर्जदार खोटें बोलला नव्हता व कॅमेराही बिघडलेला नव्हता. चूक लेखकाच्या समजुतींत होती, आणि तिच्यापायीं त्या गृहस्थाचे दोन आठवडे फुकट गेले. तेव्हांपासून या विषयाकडे लक्ष गेलें. जें समजलें तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

लेन्सवरील आंकड्याचा अर्थ

प्रत्येक लेन्सवर मिलिमीटरचा एक आंकडा असतो : २४, ५०, १००, ४०० इत्यादि. लहानपणीं आपण भिंगानें उन्हांत कागद जाळीत असूं. कागदावरचा ठिपका अगदीं बारीक होई त्या वेळीं भिंग व कागद यांमध्यें जें अंतर असे, तेंच हें अंतर होय. शास्त्रांत यास नाभीय अंतर म्हणतात. आंकडा लहान असेल तर लेन्स पुष्कळ प्रदेश दाखविते, पण वस्तू लहान दिसतात. आंकडा मोठा असेल तर प्रदेश थोडा दिसतो व वस्तू मोठ्या दिसतात.

किती प्रदेश दिसेल हें साध्या त्रैराशिकानें काढतां येतें. ज्यास फुल फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्यांत प्रतिमा उमटण्याची जागा ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असते. म्हणून वस्तूपासूनच्या अंतरास ३६ नें गुणून लेन्सच्या आंकड्यानें भागावें. येईल ती दिसणारी रुंदी. शंभर फुटांवरून २४ ची लेन्स १५० फूट रुंदी दाखविते, ५० ची ७२ फूट, १०० ची ३६ फूट, २०० ची १८ फूट आणि ४०० ची केवळ ९ फूट. गुंठ्याची बाजू ३३ फुटांची. ती पूर्ण दिसावी अशी इच्छा असेल तर ५० च्या लेन्सनें सुमारें ४६ फूट मागें उभें राहावें लागेल, २४ च्या लेन्सनें २२ फूट पुरतील.

पुष्कळ कॅमेऱ्यांत ही प्रतिमेची जागा याहून लहान, सुमारें २३ ते २४ मिलिमीटर रुंद असते. तेथें ३६ च्या ऐवजीं तो आंकडा घ्यावा. अशा कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावरील ५० सारखें काम देते. दुकानांत लेन्स घेतांना आपला कॅमेरा कोणत्या जातीचा हें आधीं सांगावें, नाहीं तर सर्व हिशेब फसतो.

मोबाईलांतील लेन्सचें खरें अंतर अवघें कांहीं मिलिमीटर असतें, परंतु त्यांचें काम मोठ्या कॅमेऱ्याच्या भाषेंत सांगण्याचा प्रघात आहे. पडद्यावर ‘१’ असें लिहिलेली मुख्य लेन्स बहुधा २४ ते २६ च्या तोडीची असते. फोन आडवा धरला असतां अंतराच्या सव्वा ते दीडपट रुंदी ती दाखविते. ‘०.५’ ही फार रुंद लेन्स सुमारें १३ च्या तोडीची असते. ‘३’ किंवा ‘५’ असें स्वतंत्र भिंग कांहीं फोनांत असतें, सर्वांत नसतें. जेथें स्वतंत्र भिंग नाहीं तेथें बोटांनीं चित्र ताणून मोठें करणें म्हणजे मूळ चित्राचा मधला तुकडा कापून फुगविणें होय. त्यानें नवीन तपशील मिळत नाहीं.

आधीं जागा, मग लेन्स

जवळची वस्तू मोठी व दूरची लहान किती दिसावी, हें लेन्सवर अवलंबून नसून आपण कोठें उभे आहों यावर अवलंबून असतें. एका ओळींत पांच पांच फुटांच्या अंतरानें दोन बैल बांधले आहेत असें समजा. पहिल्या बैलापासून पांच फुटांवर उभें राहिल्यास दुसरा दहा फुटांवर येतो, व पहिला त्याच्या दुप्पट दिसतो. तेथून मागें सरून पहिल्यापासून पन्नास फुटांवर गेल्यास दुसरा पंचावन्न फुटांवर येतो, आणि दोघे जवळजवळ सारखेच दिसतात. रुंद लेन्स आपणांस जवळ जाण्यास भाग पाडते, लांब लेन्स दूर जाण्यास भाग पाडते. म्हणून एकीचा दोष फुगविण्याचा व दुसरीचा दडपण्याचा. वर सांगितलेला हरभऱ्याचा फोटो दडपण्याचें उदाहरण होय. उलट, शेताच्या कोपऱ्यांतील खाटेएवढा मोकळा तुकडा अगदीं जवळून रुंद लेन्सनें घेतला तर सर्व शेत ओसाड भासतें. तेंही तितकेंच असत्य होय.

यास्तव नुकसानीचे फोटो एकाच लेन्सनें कधींही घेऊं नयेत. तीन फोटो घ्यावेत. पहिला उंचावरून, म्हणजे बैलगाडी, ट्रॉली किंवा विहिरीजवळचा उंचवटा यांवरून, २४ ते २८ च्या लेन्सनें किंवा मोबाईलच्या मुख्य लेन्सनें. त्यांत बांध, विहीर किंवा ओळखीचें झाड यावें, म्हणजे शेत कोणतें याविषयीं वाद राहत नाहीं. दुसरा ५० च्या आसपासच्या लेन्सनें, एका गुंठ्याची रुंदी दिसेल अशा अंतरावरून, उभें राहून. त्यांत फुटांच्या खुणा केलेली काठी पिकांत उभी करावी. तिसरा सरळ वरून खालीं : एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट जमिनीवर ठेवून छातीइतक्या उंचीवरून मोबाईलच्या मुख्य लेन्सनें घ्यावा. चौकट त्यांत बरोबर बसते व आंतील उभीं झाडें मोजतां येतात. अशा चौकटी शेताच्या निरनिराळ्या चार-पांच ठिकाणीं टाकाव्यात, केवळ वाईट जागा निवडूं नये. फोटो पाहणाऱ्या मनुष्यास शेत दिसत नाहीं, फक्त कागद किंवा पडदा दिसतो. त्याच्या जागीं आपण बसलों आहों अशी कल्पना करून फोटो घ्यावा.

विस्तीर्ण देखाव्यासाठीं

रुंद लेन्सची परीक्षा पाहावयाची असेल तर आपल्या मेहकराशेजारच्या लोणारला जावें. उल्केच्या आघातानें झालेलें तें विवर कांठापासून कांठापर्यंत सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे व तळाशीं सुमारें १.२ किलोमीटर व्यासाचें खारें सरोवर आहे. कांठावर उभें राहून संपूर्ण जलाशय एकाच फोटोंत यावा अशी इच्छा असेल, तर हिशेबानें सुमारें ८४ अंशांचा कोन लागतो. २४ ची लेन्स आडवा कोन ७४ अंशांचाच देते, म्हणून दोन्ही बाजूंस पाणी कापलें जातें. २० ची लेन्स जेमतेम पुरते. सोबतच्या फोनमधील मुख्य लेन्सही याच कारणानें अपुरी पडते, आणि ‘०.५’ ची पुरून उरते. सन २०२० च्या जून महिन्यांत या सरोवराचें पाणी गुलाबी झालें होतें. तेव्हां रंग सर्व पाण्यावर पसरला आहे हें दाखविण्यास रुंद लेन्सच हवी होती; लांब लेन्स पाण्याचा एक गुलाबी पट्टा दाखवून थांबली असती.

रुंद लेन्स वापरतांना दोन पथ्यें पाळावीं. क्षितिजाची रेघ आडवी ठेवावी, कारण कॅमेरा तिरपा झाल्यास झाडें व देवळें कलतात. तसेंच माणसांस कडेला उभें करूं नये. कडेचीं तोंडें ताणलीं जाऊन रुंद दिसतात.

किडी व रोग यांसाठीं

किडीच्या फोटोस मॅक्रो लेन्स लागते. हिची खूण अशी कीं, तिच्यावर १:१ असें प्रमाण लिहिलेलें असतें. म्हणजे एक सेंटिमीटर लांबीची अळी आंतील पटावरही एक सेंटिमीटर उमटते. ६० ची मॅक्रो स्वस्त पडते, परंतु इतकें जवळ जावें लागतें कीं आपलीच सावली पानावर पडते व भुंगा उडून जातो. १०० ची घेतल्यास लेन्सचें तोंड व कीड यांत सुमारें सहा इंच जागा राहते. शेतीच्या कामास ती अधिक सोयीची.

हिचें महत्त्व एका उदाहरणानें कळेल. सन २०१८ मध्यें आपल्या देशांत प्रथम आढळलेली मक्यावरील लष्करी अळी इतर अळ्यांपासून ओळखावयाची, ती तिच्या माथ्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारख्या रेघेवरून व शेपटाजवळच्या चौकोनांत बसलेल्या चार काळ्या ठिपक्यांवरून. साध्या लेन्सच्या फोटोंत या खुणा पुसट होतात, मग फोटो पाहून सल्ला देणारा शास्त्रज्ञ तरी काय करणार? त्याचप्रमाणें सोयाबीनवरील चक्रीभुंग्याच्या मादीनें देठावर पाडलेलीं दोन चक्रें, अथवा कपाशीचें बोंड फोडून आंत बसलेली गुलाबी बोंडअळी, हीं जवळून व स्पष्ट यावयास पाहिजेत.

इतक्या जवळून फोटो घेतांना स्पष्टतेची खोली फार थोडी असते. १:१ प्रमाणांत एफ ८ ठेवलें तरी सुमारें एक मिलिमीटर जाडीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून पान लेन्सच्या तोंडाशीं समांतर धरावें, वारा अडवावा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा. मॅक्रो लेन्स घेण्याचें बळ नसल्यास कॅमेरा व लेन्स यांमध्यें बसविण्याच्या पोकळ नळ्या मिळतात. त्यांत कांच नसते, तरी साधी लेन्स त्यांच्या योगें जवळचें पाहूं लागते. मोबाईलवर चिमट्यानें लावण्याचें छोटें भिंगही पानावरील ठिपक्यांस पुरेसें होतें. फोटो कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडे दाखवावयाचा असेल तर पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि संपूर्ण झाड असे तीन फोटो द्यावेत. नुसत्या ठिपक्यावरून निदान होत नाहीं.

जनावरें व माणसें

बैलाचा फोटो विक्रीसाठीं घ्यावयाचा असेल तर ८५ ते १०० ची लेन्स उत्तम. ८५ च्या लेन्सनें पंचवीस फुटांवरून साडेदहा फूट रुंदी येते. त्यांत बैल नाकापासून शेपटापर्यंत बसतो व थोडी जागाही उरते. कॅमेरा जनावराच्या पोटाच्या मध्याइतक्या उंचीवर धरावा. हाच फोटो मोबाईलच्या मुख्य लेन्सनें तोंडाजवळून घेतला तर डोकें अवाढव्य व पुठ्ठे बारीक दिसतात. मागून घेतला तर उलट. बाजारांत फोटो पाहून सौदा करणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी व कुशीवरून घेतलेला दूरचा फोटो मागावा. घरच्या माणसांचे फोटोही सहा-आठ फुटांवरून घ्यावेत. नाक मोठें येत नाहीं.

रोही, काळवीट व पक्षी

लांब पल्ल्याच्या लेन्सचें क्षेत्र येथें लागतें. शंभर मीटरवरील रोह्यास ४०० ची लेन्स लावली तर नऊ मीटर रुंदीचें दृश्य येतें, व जनावर त्याच्या सुमारें एक पंचमांश भाग व्यापतें. पक्ष्यास याहूनही मोठा आंकडा हवा. पण जितका आंकडा मोठा तितका हाताचा कंपही मोठा होतो. नियम असा कीं, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० ची लेन्स हातीं धरून वापरतांना शटर सेकंदाच्या निदान चारशेंव्या भागांत बंद व्हावें. उडत्या पक्ष्यासाठीं हजारावा भाग किंवा त्याहून कमी. उन्हाळ्यांत दुपारीं तापलेल्या काळ्या जमिनीवरून हवा थरथरते, तेव्हां कितीही भारी लांब लेन्स असो, फोटो पाण्यांतून पाहिल्यासारखा येतो. सकाळ साधावी. वन्य प्राण्यांस हुसकून फोटो घेणें सन १९७२ च्या कायद्यानें अंगाशीं येऊं शकतें, आणि तें माणुसकीसही धरून नाहीं.

अंधाऱ्या जागा

लेन्सवर दुसरा आंकडा असतो, एफ १.८, एफ २.८, एफ ४ असा. लेन्सच्या नाभीय अंतरास प्रकाश आंत येण्याच्या दाराच्या व्यासानें भागलें असतां तो मिळतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सचें दार २५ मिलिमीटर असेल तर एफ २. दार १२.५ झालें कीं एफ ४, व प्रकाश चौथाई. म्हणजे हा आंकडा जितका लहान तितकी लेन्स अंधारांत उपयोगी. गोठा, घरांतील लग्नकार्य, लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या जुन्या देवळाचें कोरीव काम, यांस ३५ किंवा ५० ची एफ १.८ लेन्स फार चांगली, आणि तीच बहुधा सर्वांत स्वस्तही असते. देवळांत परवानगी विचारूनच फोटो घ्यावा. उलट शेताच्या फोटोस दार लहान, एफ ८ ते ११, ठेवावें, म्हणजे जवळचें तास व दूरचा बांध दोन्ही स्पष्ट येतात.

एकच जागा, एकच लेन्स

दादासाहेब फाळके यांनीं सन १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ एक एक चित्र घेऊन टिपली, आणि अंकुर वाढतांना दिसेल असा लहानसा चित्रपट तयार केला. तो दाखवून त्यांनीं आपल्या पुढील चित्रपटासाठीं भांडवल देणाऱ्याचा विश्वास मिळविला. पुढें सन १९१३ मध्यें त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रसिद्ध झाला. या कामाचें मर्म असें कीं, कॅमेरा, लेन्स व अंतर हीं बदललीं नाहींत. बदललें तें फक्त रोप. म्हणूनच वाढ दिसली. आपणही बांधावर एक खुंटी ठोकून दर आठवड्यास तेथूनच, त्याच लेन्सनें, त्याच उंचीवरून एक फोटो घेत जावा. हंगामाच्या शेवटीं पेरणीपासून काढणीपर्यंतचा इतिहास हातीं येतो, व नुकसान झाल्यास आदल्या आठवड्याचें शेत कसें होतें याचा पुरावाही आपोआप तयार असतो. लेन्स दर वेळीं बदलली तर सर्व श्रम व्यर्थ.

खरेदी व निगा

सर्व लेन्स घेण्याची कोणासही गरज नाहीं. मोबाईल चांगला असेल तर चिमट्याचें भिंग व फुटांची काठी एवढ्यावर शेताचें बहुतेक काम भागतें. कॅमेरा असल्यास पहिली लेन्स ३५ किंवा ५० ची एफ १.८ घ्यावी, दुसरी १०० ची मॅक्रो. ती माणसांच्या व जनावरांच्या फोटोंसही चालते. ४०० ची लेन्स गरज पडेल तेव्हां भाड्यानें आणावी. चार-पांच शेतकऱ्यांनीं मिळून एक मॅक्रो ठेवली तर तिचा खर्च कोणास जड जाणार नाहीं.

जुनी लेन्स घेतांना ती दिव्यासमोर धरून आंत पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय. अशी लेन्स घेऊं नये. पावसाळ्यांत लेन्स कातडी पिशवींत कोंडून ठेवूं नये, घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. मळणीच्या दिवसांत लेन्स शेतांत बदलूं नये, भुसा आंत जातो. कांच धोतराच्या सोग्यानें पुसूं नये. आधीं फुंकणीनें धूळ उडवावी, मग मऊ कापड लावावें.

सारांश, फोटो घेण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हा फोटो पाहणाऱ्यास मला काय सांगावयाचें आहे? शेत किती हें सांगावयाचें तर रुंद लेन्स, पीक कसें हें सांगावयाचें तर मध्यम, कीड कोणती हें सांगावयाचें तर मॅक्रो, दूर काय आहे हें सांगावयाचें तर लांब. त्या हरभऱ्याच्या शेताच्या मालकास हें कोणी सांगितलें असतें, आणि टेबलामागें बसलेल्या कारकुनासही ठाऊक असतें, तर एका कष्टाळू मनुष्यास आपल्या डोळ्यांदेखत झालेलें नुकसान दुसऱ्यास पटवून देण्यासाठीं खेटे घालावे लागले नसते. तशी वेळ वाचकांपैकीं कोणावर येऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.